धान्यात गोळी की लिंबोळी? पावडर काम करते, पण ती कधी लावता त्यावर सगळं ठरतं

लातूर : तुरीच्या राशी झाल्या. हरभरा काढणीला आलाय, पाठोपाठ ज्वारी आणि गहू. पुढचे दोन महिने जिल्ह्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात एकच हिशेब चालणार. विकायचं किती, खायला ठेवायचं किती, बियाण्याला किती? आणि जे ठेवायचं ते सोंड्या-टोक्यांपासून वाचवायचं कसं?

याच दिवसांत मोबाईलवर व्हिडिओ फिरायला लागतात. "लिंबाचा पाला टाका, वर्षभर एक किडा दिसणार नाही." "वेखंडाची पावडर लावा, गोळीची गरजच नाही." खाली शेकडो लोक हात जोडलेले फोटो टाकतात. दुसरीकडे काही शेतकरी सरळ सांगतात, "हे सगळं करून बघितलं, काही होत नाही. शेवटी गोळीच टाकावी लागते."

दोघांचंही अर्धं खरं आहे. वनस्पतीच्या पावडरी काम करतात, हे शेतीशास्त्रात अनेकदा तपासून झालंय. पण त्या पहारेकऱ्यासारखं काम करतात. पहारेकरी चोराला दारातून आत येऊ देत नाही. चोर आधीच माजघरात जाऊन बसला असेल तर तो बिचारा काय करणार? आपल्याकडे पावडर वाया जाते ती बहुतेक वेळा याच कारणाने. ती उशिरा लागते, ओल्या धान्याला लागते किंवा चुकीच्या धान्याला लागते.

प्रश्न किड्याचा आहे, तसाच भावाचाही आहे

खरीप 2025-26 साठी केंद्राने तुरीचा हमीभाव क्विंटलला 8,000 रुपये ठरवला. त्याआधीच्या हंगामात तो 7,550 होता. तरी 2025 च्या सुरुवातीला नवी तूर बाजारात आली तेव्हा राज्यातल्या अनेक बाजारांत ती हमीभावाच्या खालीच विकली गेली. माल एकदम येतो, भाव पडतो. हे आपल्याला नवीन नाही.

मग शेतकरी थांबत का नाही? पैशाची नड हे पहिलं कारण. पण दुसरंही एक कारण आहे, त्याची चर्चा कमी होते. तूर घरात ठेवली की उन्हाळ्यात तिला भोकं पडायला लागतात. पोत्याला हात लावला की पीठ गळतं. भोकं पडलेल्या तुरीला व्यापारी भाव पाडून मागतो, आणि ते बी पेरलं तर उगवणही कमी होते. म्हणून "किड्याने खाण्यापेक्षा विकून टाकलेली बरी" असं म्हणत माल निघतो. तीच तूर डाळ होऊन आपल्याच घरात परत येते, तेव्हा आपण किलोच्या भावाने विकत घेतो. देशातल्या मोठ्या डाळ गिरण्यांच्या गावांत लातूरचं नाव घेतलं जातं. त्याच जिल्ह्यात पिकवणाऱ्याला घरची डाळ वर्षभर पुरवता येत नसेल, तर चुकतंय कुठे ते बघायला पाहिजे.

नुकसान किती होतं? नाबार्डच्या सल्लागार संस्थेने, म्हणजे नॅबकॉन्सने, 2022 मध्ये देशभर पाहणी केली. त्यात काढणीपासून पुढच्या सगळ्या टप्प्यांवर मिळून कडधान्याचं 5.65 ते 6.74 टक्के आणि तृणधान्याचं 3.89 ते 5.92 टक्के नुकसान होतं असं आढळलं. यात मळणी, वाहतूक, साठवण सगळं आलं. दहा क्विंटल तूर धरली तर हे नुकसान 56 ते 67 किलो होतं. हमीभावाने मोजलं तर साडेचार ते साडेपाच हजार रुपये. ही सरासरी आहे. ज्याच्या घरात एकदा भुंगा सुटला, त्याचं अख्खं पोतं जातं.

सगळ्यात महाग पडतो तो सोपा उपाय

कीड दिसली की पहिली आठवण होते गोळीची. ॲल्युमिनियम फॉस्फाईडची राखाडी गोळी, "गव्हातली गोळी" म्हणून सगळ्यांना माहीत असलेली. हवेतल्या ओलाव्याशी तिचा संबंध आला की फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो. 3 ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण 1 ग्रॅम वायू निघतो. बंद खोलीत झोपलेल्या माणसाचा जीव घ्यायला असल्या थोड्या गोळ्याही पुरतात. धान्यात गोळ्या ठेवून त्याच खोलीत किंवा शेजारच्या खोलीत झोपलेली लेकरं दगावल्याच्या बातम्या देशाच्या वेगवेगळ्या भागांतून येत असतात. या विषावर उतारा नाही. दवाखान्यात डॉक्टर श्वास आणि हृदय चालू ठेवायचा प्रयत्न करतात, एवढंच.

कायदा काय म्हणतो? ही गोळी सर्वसामान्य माणसाला विकायचीच नाही. सरकारी संस्था, सरकारी उपक्रम आणि परवानाधारक कीडनियंत्रण करणारे यांनाच ती मिळायला पाहिजे, तीही जाणकाराच्या देखरेखीखाली वापरायला. 10 आणि 20 गोळ्यांच्या नळ्यांवर तर 2001 पासून पूर्ण बंदी आहे. तरी ती गावात पोचते आणि कापडाच्या पुरचुंडीत बांधून पोत्यात जाते. हे सगळ्यांना माहीत आहे, फक्त मोठ्याने कोणी बोलत नाही.

आणि गंमत बघा, साध्या पोत्यात गोळी टाकून कीडही नीट मरत नाही. वायू कोंडून राहिला तरच कीड मरते. गोदामात त्यासाठी थप्पीवर जाड आवरण टाकून कडा वाळूच्या पिशव्यांनी दाबतात आणि बरेच दिवस हात लावत नाहीत. गोणपाटातून वायू निघून जातो. धान्यात कमी राहतो आणि घरात पसरतो. म्हणजे किडा जगतो आणि माणूस धोक्यात येतो. अर्धवट वायू खाऊन वाचलेल्या किडीच्या पुढच्या पिढ्या तर त्याला दाद देईनाशा होतात. भारतात धान्यातल्या काही किडींमध्ये ही सहनशक्ती आढळलेली आहे.

घरात आधीच गोळ्या टाकल्या असतील तर त्या खोलीत कोणीही झोपू नका. लसूण किंवा सडक्या माशासारखा वास, मळमळ, उलटी, छातीत जडपणा, धाप यातलं काही जाणवलं तर आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत काढा. 108 ला फोन करा आणि डॉक्टरला गोळीचं स्पष्ट सांगा. गोळ्या पाण्यात टाकून विझवायला जाऊ नका, पाण्याने वायू जास्त जोरात सुटतो.

कीड येते कुठून?

"डबा बंद होता, तरी टोके झाले कसे?" हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो. याचं उत्तर शेतात आहे.

तूर, मूग, हरभरा, चवळी यातला भुंगा शेतातच वाळत्या शेंगांवर अंडी घालतो. घरात दाण्यावर घातलेलं अंडं म्हणजे पांढरा ठिपका, डोळ्याला दिसतो. अळी अंड्यातून निघते ती थेट दाण्याच्या आत शिरते. आतच खाते, आतच वाढते आणि उन्हाळ्याच्या गरमीत तीन-चार आठवड्यांत गोल भोक पाडून भुंगा होऊन बाहेर येते. बाहेर आलेला भुंगा धान्य खात नाही. तो दहा-बारा दिवस जगतो, जोडी जमवतो आणि अंडी घालतो. खाणारी असते ती आतली अळी.

ज्वारी, गहू, तांदळातला सोंडा वेगळा. त्याची मादी सोंडेने दाण्याला बारीक छिद्र पाडते, आत अंडं घालते आणि छिद्र बुजवून टाकते. बाहेरून दाणा साबूत दिसतो. हा सोंडा स्वतःही खातो आणि काही महिने जगतो.

आता हिशेब करा. भुंग्याच्या एका मादीने 80 अंडी घातली आणि त्यात निम्म्या माद्या निघाल्या, तर महिन्याभराने 40 माद्या होतात. त्यांनी तेवढीच अंडी घातली तर 3,200 अंडी. प्रत्यक्षात सगळी जगत नाहीत, पण चाल हीच असते. पहिल्या महिन्यात पोत्यात काही दिसत नाही, दुसऱ्या महिन्यात चार भुंगे दिसतात आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पोतं चालायला लागतं. चार भुंगे दिसले तेव्हा पावडर शोधायला निघालात, तर शेकडो अळ्या दाण्याच्या आत मुक्कामाला असतात. तिथपर्यंत पावडर पोचत नाही.

पावडर नेमकं काय करते?

कडुनिंब, म्हणजे आपला लिंब, घ्या. 1962 मध्ये टोळधाड आली तेव्हा दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. एस. प्रधान यांनी लिंबोळीच्या मगजाचं पाणी पिकावर फवारून बघितलं. टोळ त्या पिकावर बसले, पण त्यांनी ते खाल्लं नाही. लिंबोळीत ॲझाडिरेक्टिन नावाचा मुख्य घटक असतो. किडीची खाण्याची इच्छा तो मारतो, तिला दूर ठेवतो, तिची वाढ आणि कात टाकणं बिघडवतो. गोळीसारखं एका रात्रीत मारणं हे त्याचं काम नाही.

म्हणून लिंबोळीची पावडर लावून दुसऱ्या दिवशी पोतं उघडलं आणि भुंगे फिरताना दिसले, तर लगेच "पावडर फेल" म्हणायचं कारण नाही. बघायचं ते हे की दोन महिन्यांनी भोकं पडलेले दाणे किती वाढले.

आपल्या आज्या हेच करत होत्या, फक्त शास्त्राची भाषा त्यांच्याकडे नव्हती. शेणामातीने लिंपलेली कणगी, तिच्यात तळाला आणि वर वाळलेला लिंबाचा पाला, मुगात चुलीची राख, डाळीला एरंडेल तेलाचा हात. राखेचे बारीक कण किड्याच्या अंगावरचा मेणासारखा थर खरवडतात, त्याच्या अंगातलं पाणी उडतं. शिवाय दाण्यांमधली फट बुजते, भुंग्याला फिरायला आणि अंडी घालायला जागा राहत नाही. तेलाने अंड्याचं श्वासाचं छिद्र बुजतं. तूर भरडून डाळ करून ठेवायची पद्धतही त्यातलीच. अख्ख्या दाण्यात भुंगा जसा वाढतो तसा फुटक्या डाळीत वाढत नाही.

कोणती पावडर, किती आणि कशाला?

लिंबोळीच्या मगजाची पावडर : शंभर किलो धान्याला 1 ते 2 किलो. पाल्यापेक्षा ही जास्त जोरदार. आपल्याकडे लिंबोळ्या जून-जुलैत पडतात. गर काढून, धुऊन, सावलीत वाळवून गोणपाटात हवेशीर ठेवायच्या. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडल्या तर बुरशी येते, आणि बुरशीची लिंबोळी धान्याला लावायची नाही. तीन महिन्यांपेक्षा जुनी आणि साधारण आठ-दहा महिन्यांच्या आतली लिंबोळी चांगली. म्हणजे पावसाळ्यात वेचलेली लिंबोळी तुरीच्या राशीला बरोबर वेळेवर तयार असते. टरफल फोडून आतला मगज कुटायचा. कडूपणा लागतो, म्हणून बियाण्याला आणि धुऊन वापरायच्या धान्यालाच लावावी. पीठ, रवा, तयार डाळ यांना नाही.

लिंबाच्या पाल्याची पावडर : सगळ्यांना जमणारी, पण जोर कमी. शंभर किलोला 2 ते 5 किलो लागते. पाला सावलीतच वाळवा, कडक उन्हात त्यातला कामाचा अंश कमी होतो. सगळ्यात मोठी चूक इथेच होते. हिरवा किंवा अर्धवट सुकलेला पाला पोत्यात जातो. त्यातलं पाणी धान्यात उतरतं आणि बुरशी धरते. पाला हातात चुरला की भुगा व्हायला पाहिजे. तेवढा वाळला असेल तरच आत जाऊ द्या.

वेखंडाची पावडर : शंभर किलोला 1 किलो. किडीची वीण रोखायला ही फार प्रभावी आहे. पण ती बियाण्यासाठीच ठेवावी. कारण पुढे येतंय.

तेल : खायच्या कडधान्याला हा सगळ्यात निर्धोक घरगुती उपाय. किलोला 5 ते 10 मिली शेंगदाण्याचं किंवा दुसरं खायचं तेल दाण्यादाण्याला लागेल असं चोळायचं. पाच-दहा किलोच्या डब्याला सोपं, पाच क्विंटलला अवघड.

राख : चाळलेली, पूर्ण थंड, कोरडी. गोवरीची किंवा लाकडाची चालते. प्लास्टिक किंवा रंगवलेलं लाकूड जाळलेल्या चुलीची नको.

एक गोष्ट सगळ्यांना लागू. पावडर मैद्यासारखी बारीक पाहिजे आणि ती सगळ्या दाण्यांना लागली पाहिजे. पोत्याच्या तोंडावर मूठभर टाकून आत काही होत नाही. ताडपत्रीवर धान्य पसरा, पावडर भुरभुरा, फावड्याने दोन-तीनदा वर-खाली करा, मग भरा. तिचा जोर हळूहळू उतरतो. दोन-तीन महिन्यांनी पोतं उघडून बघायचं, गरज असेल तर चाळून पुन्हा लावायची. "एकदा लावा, वर्षभर विसरा" असं म्हणणाऱ्या व्हिडिओवर विश्वास ठेवू नका.

झाडाचं आहे म्हणून निर्धोक असतंच असं नाही

"नैसर्गिक आहे, त्याने काय होतंय?" हे वाक्य धोक्याचं आहे. वेखंडात ज्या घटकाने कीड वांझ होते तो घटक, बीटा-ॲसारोन, माणसालाही चांगला नाही. आपल्याकडच्या वेखंडात त्याचं प्रमाण जास्त असतं. अमेरिकेत 1968 मध्येच खाद्यपदार्थात वेखंड वापरायला बंदी घातली गेली. बाळाला चाटण उगाळून देतात म्हणून शंभर किलो खायच्या ज्वारीला किलोभर वेखंड लावायला हरकत नाही, असा हिशेब करू नका.

सीताफळाच्या बियांचंही तसंच. त्यांची पावडर किडीला भारी पडते, पण डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते. ती बियाण्यालाच लावावी, तीही तोंडाला आणि डोळ्याला संरक्षण घेऊन, लेकरांपासून लांब. कोणतीही पावडर कुटताना, लावताना नाकाला रुमाल बांधा. पावडर लावलेल्या बियाण्याच्या पोत्यावर ठळक "बियाणे – खाऊ नये" असं लिहा. घरातला एखादा पाहुणा तेच पोतं दळायला नेणार नाही याची खात्री पाहिजे.

काही घरांत गव्हाला बोरिक पावडर चोळतात किंवा पाऱ्याच्या टिकड्या ठेवतात. या दोन्ही गोष्टी झाडपाल्याच्या नाहीत आणि खायच्या धान्यात त्यांचं काही काम नाही.

पावडरच्या आधीची चार कामं

पावडर शेवटची पायरी आहे. आधीच्या चार पायऱ्या चुकल्या तर पाचवी काही करू शकत नाही.

वाळवण : साठवताना कडधान्यात ओलावा 10 टक्क्यांच्या आत आणि ज्वारी-गव्हात 12 टक्क्यांच्या आत पाहिजे. यंत्र नसेल तर दाणा दाताखाली धरा. 'कट्' असा आवाज होऊन फुटला तर वाळलाय, दबला तर अजून ऊन द्या. काढणीच्या वेळी पाऊस लागला असेल तर ही पायरी दुप्पट काळजीने करा.

चाळणं : फुटके दाणे आणि भुसा काढून टाका. बारीक चुऱ्यावर पोसणाऱ्या किडी वेगळ्याच असतात, त्यांना आमंत्रण नको.

आत असलेल्या अळीचा बंदोबस्त : कडक उन्हात काळ्या ताडपत्रीवर तूर पातळ पसरा, वरून पारदर्शक प्लास्टिक अंथरून कडा दाबा. आतली उष्णता दुपारी इतकी वाढते की दाण्यातली अळीसुद्धा टिकत नाही. 55 ते 60 अंशांपुढे धान्यातल्या किडी तग धरत नाहीत. बियाण्याची तूर आधी नीट वाळवूनच हा प्रयोग करा आणि थोड्या दाण्यांची उगवण तपासून घ्या. मग धान्य पूर्ण थंड होऊ द्या. गरम धान्य कोठीत भरलं तर आत घाम सुटतो.

भांडं : जुनी पोती उकळत्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवा. कोठीच्या सांध्यातलं जुनं पीठ खरवडून काढा. गेल्या वर्षीच्या उरलेल्या धान्यावर नवं धान्य ओतू नका, वर्षाची कीड तिथूनच मिळते. पोती फळीवर, भिंतीपासून फूटभर लांब ठेवा.

हे सगळं राशीनंतर पहिल्या आठवड्यात झालं आणि लगेच पावडर लागली, तर पहारेकरी वेळेवर दारात उभा राहिला म्हणायचं.

बाजारातली पाकिटं

आता "हर्बल धान्यरक्षक" नावाची पाकिटं आठवडी बाजारात आणि मोबाईलवरही मिळतात. घरच्या वापरासाठी घरी केलेल्या पावडरीला कोणाची परवानगी लागत नाही. पण कीडनाशक म्हणून विकायचं असेल तर कीटकनाशक कायदा 1968 प्रमाणे नोंदणी लागते, ते लिंबाचं असलं तरी. पाकिटावर नोंदणी क्रमांक, आत काय आहे ते, तयार केल्याची आणि संपायची तारीख, विषाची तीव्रता दाखवणारा रंगीत त्रिकोण हे सगळं पाहिजे. नुसतं हिरव्या पानाचं चित्र असेल तर ते पाकीट तिथेच ठेवा. आत लिंब आहे की दुसरंच काही मिसळलंय, हे तुम्हाला कळणार नाही.

पन्नास क्विंटल असेल तर?

स्पष्ट सांगायचं तर मोठ्या मालाला पावडर हा उपाय नाही. घरच्या खाण्याचं दोन-चार क्विंटल आणि बियाणं, एवढी तिची हद्द. पन्नास क्विंटल तुरीला किलोने पावडर कालवायला माणसं कुठून आणणार, आणि पावडर लागलेली तूर विकताना व्यापारी काय म्हणेल?

त्यासाठी दोन वाटा आहेत. एक, हवाबंद पिशव्या. आपल्या भागात पूर्वी पेव होते. जमिनीत खोल, तोंड बंद. धान्य आणि कीड मिळून आतला प्राणवायू संपवत आणि कीड गुदमरून मरत असे. तेच तत्त्व वापरून तीन पदरी पिशव्या निघाल्या. आफ्रिकेत कॅमेरूनमध्ये चवळीच्या भुंग्यासाठी त्यांचं काम सुरू झालं आणि आता त्या भारतातही मिळतात. औषध काही लागत नाही. मात्र धान्य कोरडं पाहिजे आणि पिशवीला छिद्र नको. उंदीर असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त करावा लागतो.

दुसरी वाट गोदामाची. राज्य पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना 1990 पासून चालू आहे. बाजार समितीच्या गोदामात तूर, हरभरा, सोयाबीन ठेवला तर किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज सहा महिन्यांसाठी 6 टक्के व्याजाने मिळतं. माल सुरक्षित राहतो आणि नडीचा पैसाही हातात येतो. आपली बाजार समिती ही योजना राबवते का, हे विचारायचा हक्क प्रत्येक शेतकऱ्याला आहे.

कोट्यवधींच्या योजनेत घरची कोठी कुठे आहे?

केंद्राने मे 2023 मध्ये सहकारी क्षेत्रात जगातली सगळ्यात मोठी धान्य साठवण योजना मंजूर केली. 24 फेब्रुवारी 2024 ला 11 राज्यांतल्या 11 गावच्या सोसायट्यांच्या गोदामांचं उद्घाटन झालं. त्यात महाराष्ट्रातली अमरावती जिल्ह्यातल्या नेरपिंगळाईची सोसायटी आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये 11,440 कोटींचं कडधान्य स्वयंपूर्णता अभियान आलं. त्यात बियाणं, खरेदी, प्रक्रिया केंद्रं सगळं आहे. चांगलंच आहे.

पण सोसायटीचं गोदाम व्हायला वर्षं लागतात. खायचं धान्य आणि घरचं बियाणं मात्र याच महिन्यात कोठीत जाणार आहे. त्याच्यासाठी लागणारा खर्च फार थोडा आहे.

ग्रामपंचायतीत किंवा सोसायटीत ओलावा मोजायचं एक यंत्र ठेवा. त्याची किंमत गावाला जड नाही.

प्रशिक्षण बायकांना द्या. साठवणीचं काम घरातल्या बायका करतात आणि कृषी मेळाव्यात पुढच्या रांगेत बाप्ये बसतात. पोत्यात गोळी ठेवणारे हातही बहुतेक वेळा त्यांचेच असतात. बचत गटाच्या बैठकीत जानेवारीतच अर्धा दिवस हा विषय झाला पाहिजे.

कृषी विज्ञान केंद्राने आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाने एक पानी पत्रक काढावं. कोणत्या धान्याला कोणती पावडर, किती आणि किती महिने? तेच पत्रक आवाजात रेकॉर्ड करून गावाच्या ग्रुपवर टाकलं तर व्हिडिओवाल्यांची अर्धी दुकानदारी बंद होईल.

कृषी विभागाने राशीच्या दिवसांतच दुकानांतली गोळीविक्री तपासावी. दुर्घटना झाल्यावर तपासून काय उपयोग?

आणि लिंबोळीला गावात भाव यावा. 2015 पासून देशात बनणाऱ्या सगळ्या युरियाला लिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा झाला. गुजरातेत एका खत कंपनीने गावोगावच्या बायकांकडून लिंबोळी विकत घ्यायला सुरुवात केली. आपल्याकडे बांधावर, शाळेच्या आवारात, रस्त्याकडेला पडलेली लिंबोळी पायाखाली तुडवली जाते. बचत गटांनी जूनमध्ये ती वेचली, तर पुढच्या राशीची पावडर गावातच तयार होईल.

आधी स्वतः तपासा

कोणाच्या सांगण्यावरून, या लेखाच्या सांगण्यावरूनही, सगळ्या धान्यावर एकदम प्रयोग करू नका. एकाच राशीतली, नीट वाळलेली तूर घ्या. दोन बरण्यांत एक-एक किलो भरा. एकीत 10 ते 20 ग्रॅम लिंबोळीची पावडर कालवा, दुसरीत काहीच नको. दोन्हींच्या तोंडाला सारखंच कापड बांधून एकाच फळीवर ठेवा. दोन महिन्यांनी प्रत्येकीतले डोळे मिटून 100 दाणे काढा आणि भोकं पडलेले मोजा. गावातल्या दहा घरांनी हे केलं, तर पुढच्या वर्षी तुमच्या गावाकडे स्वतःचा आकडा असेल.

आकडा काहीही येवो, एक गोष्ट आत्ताच पक्की करा. ज्या घरात माणसं झोपतात, त्या घरात गोळी नको. दोन किलो तूर भुंग्याने खाल्ली तर पुढच्या हंगामात ती भरून निघते.